बाळंतिणीच्या घरी जाण्याआधी: मराठवाड्यात राहून हे काम कसं शिकायचं

गरोदर बायांना आणि बाळंतिणींना शिकवण्याच्या, आधार देण्याच्या या कामाची चौकशी करायला येणाऱ्या मुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, सर्टिफिकेट कुठून मिळतं?" कोणी डी.एड. करून घरी बसलेली, कोणी लेकरू झाल्यावर नोकरी सोडलेली, कोणी नर्सिंगच्या रात्रपाळ्यांना कंटाळलेली. घर सांभाळून आपल्या वेळेत करता येईल आणि चारचौघांत सांगता येईल असं काम त्यांना हवं असतं. मी उलट विचारते, "सासूसमोर सुनेला दूध पाजायला शिकवता येईल का?"

आपल्याकडे बाळंतीण खोलीत एकटी नसतेच. आई असते, सासू असते, शेजारची काकू असते, मालीश करणारी मावशी असते. तुम्ही तिथं पाचव्या. दूध, कळा, टाके यांबद्दल कुठलाही चांगला कोर्स शिकवेल. त्या चौघींमध्ये मांडी घालून बसायचं आणि आपलं म्हणणं गळी उतरवायचं, हे मात्र इथल्याच घरांत शिकावं लागतं. म्हणून खालचा क्रम माझा आहे. कोर्सच्या जाहिरातींत तो बरोबर उलटा दिसेल.

आधी काम नक्की कोणतं ते ठरवा

एकाच नावाखाली चार वेगळी कामं खपवली जातात आणि त्यांच्या वेळा एकमेकींशी अजिबात जुळत नाहीत.

पहिलं, गरोदरपणातले वर्ग. कळा कशा येतात, श्वास कसा घ्यायचा, दवाखान्यात कधी निघायचं, पहिल्या आठवड्यात घरात काय होतं, हे चार-पाच जोडप्यांना शनिवारी-रविवारी शिकवायचं. वेळ तुमच्या हातात राहते. दुसरं, स्तनपान समुपदेशन. भेट तासा-दीड तासाची असते आणि दिवसा ठरवता येते, फक्त पहिल्या आठवड्यातली आई "उद्या या" म्हटल्यावर थांबत नाही. तिसरं, बाळंतपणानंतरचा घरचा आधार. आईच्या खाण्यापिण्याकडे, झोपेकडे, बाळाच्या अंघोळीकडे बघायचं, नवऱ्याला कामाला लावायचं. चौथं म्हणजे डूला, कळा सुरू झाल्यापासून बाळंतपण होईपर्यंत बाईच्या सोबत राहणारी.

डूलाचं काम 'लवचिक करिअर' म्हणून सर्वांत जास्त विकलं जातं आणि सर्वांत कमी लवचिक तेच आहे. कळांना रात्रीचे दोन काय आणि लक्ष्मीपूजन काय. पहिलटकरणीचे बारा-चौदा तास सहज जातात. तारखेच्या आधीचे दोन आठवडे आणि नंतरचे दोन आठवडे गाव सोडता येत नाही. घरी अंगावर पिणारं लेकरू असेल तर निदान पहिली दोन वर्षं या वाटेला जाऊ नका, असं मी तोंडावर सांगते.

ही चार कामं करणाऱ्यांपैकी कोणीही सुईण नाही, नर्सही नाही. डूला तपासत नाही, रक्तदाब घेत नाही, बाळंतपण करत नाही. तेच करायची ओढ असेल तर रस्ता वेगळा आहे: आधी नर्सिंगचं शिक्षण, म्हणजे एएनएमची दोन वर्षं, जीएनएमची तीन किंवा बी.एस्सी. नर्सिंगची चार. केंद्र सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफरीची, म्हणजे प्रशिक्षित सुईणपणाची, मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्यानुसार जीएनएम किंवा बी.एस्सी. झालेल्या नोंदणीकृत नर्सला १८ महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' होता येतं. नांदेड-लातूरकडच्या मुलींना हैदराबाद जवळ. तिथलं फर्नांडिस हॉस्पिटल मिडवाइफरीच्या प्रशिक्षणासाठी देशभर ओळखलं जातं.

पैसे भरण्याआधी दोन महिने नुसतं बघा

कोर्सची फी भरण्याआधी आपल्या वॉर्डातल्या किंवा गावातल्या आशाताईला गाठा. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जाते. घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. ही पद्धत मुळात आपल्याच राज्यातली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत गावातल्या बायांना आरोग्यदूत करून नवजात बाळांची घरी काळजी घेतली, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि पुढे देशभर आशाताईंच्या कामात ते शिरलं. घरच्यांची परवानगी घेऊन आशाताईबरोबर दहा घरं फिरा. बोलू नका. ती चप्पल कुठं काढते, आधी कोणाशी बोलते, बाळाला हात लावण्याआधी हात कसे धुते, एवढंच बघा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. तिथल्या बाकावर एक सकाळ काढा. पाठीवर हात ठेवून अवघडून बसलेल्या बाया डॉक्टरांना जे विचारत नाहीत ते एकमेकींना विचारतात. तुमच्या वर्गाचा अभ्यासक्रम तिथं आयता मिळतो. मी पहिली वही अशाच बाकावर भरली होती. त्यातले निम्मे प्रश्न जेवणाबद्दलचे होते आणि उरलेल्यांतले बरेच "घरी कसं सांगू" असे.

तिसरी गुरू म्हणजे तुमच्या भागातली मालीशवाली मावशी. आपण जे काम नव्या नावाने शिकायला निघालोय ते ती कोर्सशिवाय, दारोदार आणि स्वतःच्या वेळेत करत आलीय. तिला शत्रू केलंत तर त्या गल्लीत काम मिळणार नाही. तिच्या हाताखाली बाळाला धरायला शिका. ओलं, तेलकट बाळ पायांवर पालथं घेऊन मान सांभाळायची, ही गोष्ट व्हिडिओ बघून येत नाही.

पायाचं ज्ञान

सरकारचं 'माता व बाल संरक्षण कार्ड' हे तुमचं पहिलं पाठ्यपुस्तक. प्रत्येक गरोदर बाईला ते फुकट मिळतं आणि बहुतेक घरांत दवाखान्याच्या पिशवीत घडी घालून पडलेलं असतं. त्यातला शब्दन्शब्द समजला पाहिजे: हिमोग्लोबिन किती, वजन कसं वाढलं, लसी कोणत्या. बाळाच्या लसी जन्मताच बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी, पुढे ६, १०, १४ आठवड्यांना, हे झोपेतून उठवलं तरी सांगता यावं.

आरोग्याची काहीच पार्श्वभूमी नसेल तर इग्नूचा पोषण आणि बालसंगोपनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम घरून करता येतो. त्याने कोणी समुपदेशक होत नाही, पण डॉक्टरांसमोर बोलताना जीभ अडखळत नाही.

स्तनपान शिका, बाकी सगळं नंतर

एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील तर स्तनपानाच्या प्रशिक्षणावर करा. पहिल्या दहा दिवसांतले निम्मेअधिक फोन याच एका कारणासाठी असतात, आणि याच कामाला दिवसाउजेडी, ठरवलेल्या वेळेत जाता येतं.

ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया ही १९९१ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेली संस्था शिशुपोषण समुपदेशनाचं प्रशिक्षण देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या ४० तासांच्या अभ्यासक्रमावर बेतलेली प्रशिक्षणंही असतात. कोणताही कोर्स घेताना एकच चौकशी करा: प्रत्यक्ष आया आणि बाळं समोर बसवून किती तास शिकवणार? नुसत्या स्लाइड दाखवणार असतील तर फी वाचवा. या क्षेत्रातली सर्वांत वरची आंतरराष्ट्रीय पात्रता म्हणजे आयबीसीएलसी, प्रमाणित स्तनपान सल्लागाराची. तिला आरोग्याचे ठरावीक १४ विषय, स्तनपानाचं ९५ तासांचं शिक्षण, प्रत्यक्ष कामाचे शेकडो तास आणि वर परीक्षा लागते. दर पाच वर्षांनी नूतनीकरण. हे तीन-चार वर्षांचं ध्येय म्हणून ठेवा. पहिल्याच वर्षी त्यामागे धावून कर्ज काढलेल्या मुली मी पाहिल्यात.

शिकायचं म्हणजे काय, ते एका भेटीवरून सांगते. आई पाठीला टेकून बसलीय, बाळ मांडीवर उताणं आणि मान वळवून पितंय. आपण मान वळवून तांब्याभर पाणी प्यायचं म्हटलं तर कसं होईल? तसंच त्याचं होतं. म्हणून आधी बाळाचं पोट आईच्या पोटाला लावायचं. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. नाक बोंडासमोर. मग घाई करायची नाही, बाळ जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबायचं आणि उघडलं की बाळाला स्तनाकडे आणायचं. आई वाकली की पाठ गेली. बरोबर लागलं असेल तर हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, बोंडाभोवतीचा काळा भाग वर जास्त आणि खाली कमी दिसतो. गाल आत ओढले जात नाहीत. चुटुक-चुटुक आवाज येत नाही, गिळल्याचा येतो. आईचे खांदे आपोआप खाली येतात. मी बाळाच्या आधी ते खांदे बघते.

आता पाण्याची गोष्ट. मे महिना, परभणी, पत्र्याचं घर, पंखा गरम हवा फेकतोय. वीस दिवसांच्या बाळाला आजी चमच्याने पाणी पाजत होत्या. अशाच एका घरात सुरुवातीच्या काळात मी जागतिक आरोग्य संघटनेचा दाखला दिला होता. त्या आजी उठून आत गेल्या आणि मला पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. चूक माझी होती. म्हणून या खेपेला दाखले घरीच ठेवले.

"ह्या उन्हात आपला घसा सुकतोय, एवढ्याशा जिवाचा सुकणार नाही का ओ?" आजी म्हणाल्या.

"सुकेल की. आजी, कालपासून किती दुपटी ओली झाली?"

त्यांनी बोटांवर मोजलं. "सात. नाही, आठ."

"मग एवढं पाणी आलं कुठून?"

त्या हसल्या. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं, हे मग सांगितलं. पहिला आठवडा सरल्यावर दिवसाला सहा किंवा जास्त दुपटी ओली होत असतील, वजन वाढत असेल, तर बाळ पोटभर पितंय. सहा महिने वरचं पाणी नको, मराठवाड्याच्या उन्हातही नको. दुपटी कमी झाली तर वाट न बघता डॉक्टर. तहान बाळंतिणीला लागते, आणि आपल्याकडे नेमकं तिचंच पाणी तोडतात. म्हणून आजींकडे काम दिलं: सुनेच्या बाजेशेजारचा तांब्या रिकामा दिसता कामा नये. पुढच्या भेटीला तांब्या भरलेला होता आणि चमचा फडताळात गेला होता.

नोकरीवर परतणाऱ्या आईला काढलेल्या दुधाबद्दल सांगताना पुस्तकी आकडे जपून वापरा. 'बाहेर चार तास टिकतं' हा हिशोब साधारण २५ अंशांचा आहे. आपल्याकडे एप्रिलमधली खोली तेवढी थंड नसते. दूध काढलं की थेट फ्रिजमध्ये, आणि लाइट किती वेळ जाते ते आधी विचारायचं.

डबाबंद दुधाच्या कंपन्यांकडून पेन, कॅलेंडर, जेवण, काहीही घेऊ नका. अशा दुधाच्या जाहिरातीला बंदी करणारा १९९२ चा कायदा, त्याची २००३ ची दुरुस्ती, दोन्ही नीट वाचून ठेवा. ज्या कार्यशाळेच्या बॅनरवर अशा कंपनीचं नाव असेल तिथून उठून या.

बाळंतपणातली सोबत

बाळंतपणात सतत सोबत असेल तर नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण वाढतं, कळांचा काळ थोडा कमी होतो आणि सिझर कमी होतात, असं २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात २६ अभ्यासांतून आणि १५ हजारांहून जास्त बायांच्या अनुभवातून दिसलं. केंद्राने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीवेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली. पण तिथं अपेक्षा आहे ती नात्यातल्या बाईची, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेलीची. पैसे घेणारी डूला त्यात आपोआप बसत नाही.

खासगीत सगळं डॉक्टरांच्या मर्जीवर. एकदा एका दवाखान्यात सहाव्या महिन्यात "या की" म्हटलेल्या डॉक्टरांनी ऐन वेळी मला दाराबाहेर बसवलं, आणि माझ्या बाईने पाच तास एकटीने काढले. तेव्हापासून मी सातव्या महिन्यात बाईला घेऊन डॉक्टरांना भेटते, मी काय करणार आणि काय करणार नाही ते एका कागदावर लिहून देते, आणि तरीही घरातल्या एका बाईला तयार करते. बहीण असो, जाऊ असो. कंबरेच्या खालच्या भागावर तळहाताने दाब कसा द्यायचा, कळ आली की बोलणं बंद करून श्वास कसा घ्यायचा, चालायला कधी उठवायचं, पाणी कधी द्यायचं. मला आत सोडलं नाही तरी काम आत जातं. छोट्या गावांत डूला होण्यापेक्षा सोबतिणी तयार करणं जास्त चालतं, असं माझं मत होत चाललंय.

औपचारिक डूला प्रशिक्षणात १९९२ मध्ये सुरू झालेली डोना इंटरनॅशनल जुनी आणि ओळखीची. अशी प्रशिक्षणं बहुतेक इंग्रजीत, ऑनलाइन किंवा मोठ्या शहरांत होतात. प्रमाणपत्रासाठी प्रत्यक्ष बाळंतपणांना हजेरी लागते. आपल्या जिल्ह्यात तशी परवानगी देणारा दवाखाना आहे का, हे फी भरण्याआधी पक्कं करा.

कुठं थांबायचं

हे येत नसेल तर बाकी काही येऊन उपयोग नाही. गरोदर बाईचं डोकं खूप दुखतंय आणि डोळ्यांसमोर अंधारी येतेय, तोंडा-हातांवर सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, झटके. बाळंतिणीला ताप, दुर्गंधीचा स्राव, पॅड भरभरून रक्त. बाळ दूध ओढत नाही, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेतं, छाती आत ओढली जाते, अंग गार किंवा तापलेलं, पहिल्याच दिवशी कावीळ किंवा तळव्यांपर्यंत उतरलेली कावीळ, नाळेतून पू. यांपैकी काहीही दिसलं की तुमची भेट संपली. १०८ लावायचा. "बघू सकाळपर्यंत" हे शब्द तोंडातून निघता कामा नयेत, ना घरच्यांच्या ना तुमच्या.

औषध सुचवायचं नाही, बंद करायलाही सांगायचं नाही. "मुलगा की मुलगी, पोटावरून कळतं का" हे विचारलं जाणारच. बीडसारख्या जिल्ह्याने या प्रश्नापायी काय भोगलंय ते सर्वांना ठाऊक आहे. गर्भलिंगनिदान १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. गमतीतही अंदाज सांगू नका.

मनाचंही तसंच. पहिले दहा-बारा दिवस उगाच रडू येणं बऱ्याच जणींना होतं. दोन आठवडे उलटूनही झोप लागत नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, "मी नसते तर बरं" असं बोलणं येतं, तेव्हा "होतं असं बाळंतपणात" म्हणून उठायचं नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायच्या एडिंबरा प्रश्नावलीचे दहा प्रश्न शिकून घ्या. त्यांतून निदान होत नाही, पण डॉक्टरांकडे कधी पाठवायचं ते उमगतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून देते. मात्र जीव द्यायची भाषा आली तर बाईला एकटी सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

बाजेभोवतीच्या रीती

नव्याने शिकलेल्या मुली सगळ्या रीतींवर एकदम तुटून पडतात. तसं करू नका. डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू चालू द्या, फक्त त्यासोबत भाजी, वरण, अंडी चालत असतील तर अंडीही येऊ द्या. तेल-मालीश, सव्वा महिन्याचा आराम, पाचवीची पूजा, यांत तुम्ही बोलायचं काही नाही.

तीन-चार गोष्टींवर मात्र ठाम राहा. बंद खोलीत शेगडी आणि धुरी नको. शेक हवाच असेल तर दार उघडं आणि बाळ बाहेर. पहिला पिवळा चीक पिळून टाकायचा नाही. जन्मल्यावर मधाचं बोट, गूळपाणी, गुटी काही नको. डोळ्यांत काजळ नको. दृष्टीसाठी तीट तळपायाला लावा म्हटलं तर एकही आजी नाराज होत नाही.

गिऱ्हाईक कोण आणि पैसे कसे

मराठवाड्यात या कामाची गिऱ्हाईकं कोण, हे कळायला मला बराच वेळ लागला. पुण्यात नोकरी करणारी लेक पहिल्या बाळंतपणाला लातूरला, जालन्याला, अंबाजोगाईला माहेरी येते. तिने मोबाइलवर सगळं पाहिलेलं असतं, तिच्या आईने दहा बाळंतपणं केलेली असतात, आणि दोघींत तिसऱ्या दिवशी ठिणगी पडते. दोघींनाही मान्य होईल अशी तिसरी व्यक्ती हवी असते, आणि ती म्हणजे तुम्ही. सव्वा महिना किंवा तीन महिने संपले की लेक पुण्याला परतते, तेव्हा उरलेल्या भेटी व्हिडिओ कॉलवर. अशा एका घरातून पुढची तीन घरं मिळतात.

दर ठरवताना तासाचा नव्हे, भेटीचा ठरवा आणि प्रवास वेगळा धरा. समजा भेटीचे ६०० घेतले आणि संभाजीनगरहून जालन्याला, म्हणजे एका बाजूने साठेक किलोमीटर गेलात, तर अर्धा दिवस जातो आणि हातात फारसं उरत नाही. त्यापेक्षा जालन्याच्या तीन भेटी एका वारी बांधा. पैसे पहिल्या भेटीआधी मागा. बाळ बघायला आल्यावर हातावर नोट ठेवायची आपली रीत आहे. तुम्ही कामाला आलात आणि ती नोट बाळाच्या मुठीत परत गेली, असं होऊ देऊ नका. छोट्या व्यवसायाची सरकारी 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन फुकट होते. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तोवर जीएसटीची काळजी नाही.

आणि ज्यांच्याकडून पैसे मिळणारच नाहीत अशाही बाया आहेत. बीड, धाराशिवच्या तांड्या-वस्त्यांवरून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या गरोदर बायांना मी निघण्याआधी एकदा गाठते. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, शेवटच्या तपासणीचे कागद, पुढच्या लसीची तारीख, १०८ नंबर नवऱ्याच्या मोबाइलमध्ये. वीस मिनिटांचं काम. वर्षातले चार दिवस यासाठी बाजूला ठेवा, आशाताईंशी तुमचं नातं तिथंच पक्कं होतं.

फोनची वेळही पहिल्याच दिवशी सांगा. मी सकाळी सात ते रात्री नऊ घेते; रात्री बाळाचं काही गंभीर असेल तर मला नाही, १०८ ला लावायचं, हे लिहून देते.

पिशवीत काय असावं

कापडाची बाहुली, साधारण तीन किलोची, आत तांदूळ भरून शिवलेली. लोकरीने विणलेला स्तन, कारण आईच्या अंगाला हात लावण्याआधी यावर दाखवता येतं. वाटी-चमचा, उकळलेला. थर्मामीटर. दोन स्वच्छ ओढण्या. वही, जिच्यात प्रत्येक भेटीची तारीख, काय पाहिलं, काय सांगितलं, कोणाकडे पाठवलं ते त्याच दिवशी उतरवायचं. अत्तर, पावडर काही लावून जायचं नाही. आणि नेलकटर: दाराशी चप्पल काढताना स्वतःची नखं एकदा बघून घ्या, आजीची नजर पहिली तिथंच जाते.